चूक न करणारी माणसं: वेजवुडच्या कारखान्यातलं डिझाईनचं कामकाज

माझ्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचा पहिला मसुदा गाइडकडून परत आला, तेव्हा एका वाक्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला दोनच शब्द: "पत्र वाचलंस?"

वाचलं नव्हतं. वाक्य मी दुसऱ्याच्या पुस्तकातून उचललं होतं, त्याने तिसऱ्याच्या लेखातून. आपल्यापैकी बरेच जण असंच करतात, फक्त कबूल करत नाहीत.

मजकूर असा. जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभार-कारखानदाराने ९ ऑक्टोबर १७६९ रोजी आपला भागीदार थॉमस बेंटली याला कळवलं, की माणसांच्या हातून चूक होणारच नाही अशी त्यांची यंत्रं बनवायची माझी तयारी चालली आहे. औद्योगिक क्रांतीवरच्या पुस्तकांत हे वाक्य हमखास भेटतं आणि जवळपास प्रत्येक वेळी एकाच कामासाठी येतं: कारखानदाराने कारागिराला यंत्र कसं केलं, ते दाखवायला. मीही तेच केलं होतं. पण मूळ वाक्याच्या सुरुवातीला एक छोटा तुकडा आहे. वेजवुड म्हणतो की मी मॉडेलं तयार करत बसलो होतो, आणि त्याला जोडूनच पुढे यंत्रांची गोष्ट येते. हा तुकडा उद्धृत करताना बहुतेक वेळा गळतो. तो परत जागेवर ठेवला की वाक्य शिस्तीपुरतं राहत नाही, नमुन्याबद्दलचंही होतं. नमुना असा हवा की त्यावरून काम करणाऱ्याला चुकायला जागाच उरू नये.

हे लक्षात आलं आणि माझं प्रकरण मजुरांच्या शिस्तीकडून दुसरीकडेच वळलं. आज मोठ्या कंपन्यांत ज्याला डिझाईन ऑपरेशन्स म्हणतात, त्या कामाकडे.

हा शब्द गेल्या दहा-बारा वर्षांत रुळला. म्हणजे काय, तर प्रत्यक्ष डिझाईन करणं नव्हे, त्याच्याभोवतीची सगळी व्यवस्था. कोण काढणार, कोण मंजूर करणार, मंजूर झालेलं कुठे ठेवणार, त्याला नाव काय द्यायचं, नवा माणूस आला तर त्याला ते कसं सापडणार, आणि या सगळ्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा. दोन डिझायनर एका टेबलाशी बसलेले असतात तेव्हा यातलं काहीच लागत नाही. एक दुसऱ्याला "ए, जरा हे बघ" म्हणतो आणि काम होतं. वीस झाले, दोन गावांत बसू लागले, की मग लागतं.

इथे एक सावधगिरी, संशोधनाला नव्याने बसणाऱ्यांसाठी मुद्दाम. आजचा शब्द अठराव्या शतकावर चिकटवला की आपल्याला हवं ते सगळं तिथे दिसायला लागतं. "वेजवुड हा जगातला पहिला डिझाईन मॅनेजर" असं वाक्य लिहायला फार सोपं, आणि त्याचा उपयोग शून्य. आजचा शब्द प्रश्न म्हणून न्यावा, उत्तर म्हणून नाही. माझा प्रश्न एवढाच होता: कंपनी वाढली तेव्हा एखादी आकृती एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या हातात कशी पोचत होती?

आता थोडी पार्श्वभूमी. वेजवुडचा जन्म १७३० चा, स्टॅफर्डशायरमधल्या बर्स्लेम गावचा. घराणंच कुंभारांचं. लहानपणी देवी आल्या आणि त्यातून एक पाय कायमचा अधू झाला. तो पुढे १७६८ मध्ये कापावा लागला. चाकावर बसणाऱ्या कुंभाराला पाय फार लागतो, त्यामुळे हा माणूस चाकापेक्षा प्रयोगांकडे, झिलईकडे वळला, असं चरित्रकार सांगत आले आहेत. मला हे कार्यकारण जरा जास्तच नीटनेटकं वाटतं, पण असो. १७५९ मध्ये त्याने स्वतःचा धंदा सुरू केला. त्याच वर्षी प्रयोगांची वहीही सुरू केली. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक, आणि कृती सांकेतिक खुणांत, म्हणजे कुणी वही पळवली तरी उपयोग होऊ नये. पुढे जास्पर नावाच्या मातीसाठी त्याने हजारो चाचण्या केल्या. त्यांचे छोटे छोटे तुकडे क्रमांकांसह तबकांत मांडलेले आजही पाहायला मिळतात.

१७६५ मध्ये राणी शार्लटची ऑर्डर आली. फिकट पिवळसर, गुळगुळीत, तुलनेने स्वस्त अशा त्याच्या भांड्यांना 'क्वीन्स वेअर' हे नाव मिळालं आणि मागणी एकदम चढली. १३ जून १७६९ रोजी इट्रूरिया नावाचा नवा कारखाना उघडला. पहिल्या दिवशी सहा कलश घडवले, वेजवुड चाकाशी आणि बेंटली चाक फिरवायला. या प्रसंगाचं वर्णन सगळीकडे कौतुकाने येतं. माझं लक्ष मात्र त्याच्या पुढच्या वाक्याकडे गेलं: ते कलश रंगवण्यासाठी लंडनला पाठवले. त्यांच्यावरच्या आकृती विल्यम हॅमिल्टन याच्या प्राचीन कलशांच्या संग्रहावरून छापलेल्या ग्रंथातल्या. म्हणजे चित्र नेपल्सहून छापील पुस्तकात, पुस्तकातून लंडनच्या रंगाऱ्याकडे, आणि माती स्टॅफर्डशायरची. एका कलशामागे इतकी गावं!

इथेच खरी अडचण सुरू होते. कारखाना स्टॅफर्डशायरमध्ये. रंगकाम लंडनला, पुढे चेल्सी इथे. तांब्याच्या पत्र्यावरून चित्र छापण्याचं काम लिव्हरपूलला सॅडलर आणि ग्रीन यांच्याकडे. विक्रीचं दालनही लंडनमध्ये, आणि ते बेंटली सांभाळणार. लंडन ते इट्रूरिया साधारण दीडशे मैल. गिऱ्हाईक लंडनच्या दालनात येऊन म्हणणार, हा आकार पण ती किनार. ते दीडशे मैलांवर नेमकं कसं कळवायचं? "तो उंच मानेचा, दोन कानांचा" असं पत्रात लिहून भागत नाही. दोन कानांचे वीस कलश असतील.

यावर जे उत्तर निघालं ते अगदी रुक्ष आहे: क्रमांक. आकारांच्या आकृत्यांची पुस्तकं झाली, प्रत्येक आकाराला आकडा. किनारींच्या नक्षीचं वेगळं पुस्तक, त्यातही आकडे. आकार आणि नक्षी सुट्या झाल्या की थोडे आकार आणि थोड्या किनारी यांच्या जोडणीतून भरपूर विविधता दिसते, आणि कारखान्यात मात्र तेच ते आकार घडत राहतात. १७७४ मध्ये क्वीन्स वेअरचा कोरीव चित्रांसह कॅटलॉग निघाला. आपण त्याला विक्रीचं साधन समजतो, आणि तो होताच. पण आतल्या कामासाठीही त्याचा उपयोग दिसतो: गिऱ्हाईक, दालनातला कारकून आणि कारखान्यातला कारागीर, तिघंही एकाच चित्रावर बोट ठेवू शकतात.

ब्रिटिश डिझाईन इतिहासकार एड्रियन फॉर्टी याने १९८६ च्या आपल्या 'ऑब्जेक्ट्स ऑफ डिझायर' या पुस्तकात हा मुद्दा नेमका पकडला आहे. जुन्या पद्धतीत कुंभार भांडं घडवता घडवताच त्याचा आकार ठरवत असे. मान थोडी जाड झाली तर झाली. वेजवुडकडे कामाचे तुकडे पडले: एक जण चाकावर, दुसरा खरादावर, तिसरा साच्यातून उठावाची नक्षी काढणारा, चौथा ती चिकटवणारा, पाचवा कान लावणारा. अशा वेळी आकार आधीच कुणीतरी पक्का करावा लागतो, आणि तो 'कुणीतरी' म्हणजे मॉडेलर. डिझाईन हा वेगळा हुद्दा निघाला तो कलेची कदर वाढली म्हणून नाही, कामाचे तुकडे पडले म्हणून. फॉर्टीचं हे म्हणणं मला पटतं. तरी वाचताना लक्षात ठेवा, तो वस्तूंकडून माणसांकडे येतो. माणसांकडून वस्तूंकडे आलं की चित्र थोडं बदलतं.

त्या माणसांपैकी एक विल्यम हॅकवुड. १७६९ मध्ये तो पोरवयात कामाला लागला आणि १८३२ पर्यंत तिथेच राहिला. त्रेसष्ट वर्षं! जॉन फ्लॅक्समनसारखा नामवंत शिल्पकार १७७५ पासून वेजवुडसाठी लंडनमध्ये मेणाचे नमुने करायचा. मेणाचा नमुना सुंदर असतो, पण मातीच्या साच्यातून तो जसाच्या तसा निघेलच असं नाही. खोल कोपरे अडकतात. भाजल्यावर माती आकसते. हा नमुना कारखान्याला झेपेल असा करण्याचं काम हॅकवुडसारख्यांचं. आज डिझायनरने दिलेली फाइल प्रत्यक्षात बनण्याजोगी करून देणारा जो माणूस असतो आणि ज्याचं नाव सादरीकरणात नसतं, तोच हा.

नावावरून आठवलं. साधारण १७७२ पासून वेजवुडने आपल्या सगळ्या मालावर स्वतःचं नाव मातीतच ठसवायला सुरुवात केली. कारागिरांच्या छोट्या खुणाही भांड्यांच्या तळाशी सापडतात, पण त्या खुणाच, नावं नव्हेत. कुणी काय घडवलं ते ओळखू येण्यापुरत्या. हॅकवुडने काही मुखवट्यांच्या खांद्याखाली आपलं नाव घातलं. वेजवुडच्या ते उशिरा ध्यानात आलं, आणि बेंटलीला त्याने कळवलं की आता मला कळलंय, यापुढे त्याला असं करू देणार नाही. आणि हाच वेजवुड दुसऱ्या एका पत्रात म्हणतो की असे आणखी अर्धा डझन हॅकवुड हवे होते. दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल. पहिलं वाचून वेजवुडला खलनायक करू नका, दुसरं वाचून उदार मालक करू नका. नमुना कंपनीचा ठरला की तो करणाऱ्याचं नाव अडचणीचं होतं आणि करणारा माणूस मात्र हवाच असतो. ही ओढाताण त्या व्यवस्थेतच आहे.

आता पैशाकडे येते. १७७२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये एक मोठी पेढी बुडाली आणि उधारीचं सगळं चक्र थांबलं. वेजवुडकडे कलशांचा साठा पडून होता आणि हातात रोकड नाही. तेव्हा तो हिशेबाला बसला, आणि एकेका कलशाचा खर्च कशाकशात जातो ते मांडायला लागला. मातीचा, मजुरीचा, कोळशाचा, साचे करण्याचा, मॉडेलिंगचा, भाड्याचा, कारकुनांच्या पगाराचा. ऑगस्टमधल्या पत्रात तो सांगतो की यातले काही खर्च घड्याळासारखे चालतच राहतात, माल कमी करा की जास्त. नील मॅकेंड्रिक या इतिहासकाराने १९७० मध्ये या पत्रावर एक अख्खा लेख लिहिला आहे. स्थिर आणि बदलता खर्च यांतला फरक एक कुंभार स्वतःच्या गरजेतून कसा ओळखतो, ते त्यात आहे. (या तपासणीत मुख्य कारकुनाची अफरातफरही उघडी पडली. हिशेब बारकाईने बघितला की अशा गोष्टी निघतातच.)

माझ्या प्रश्नासाठी यातलं महत्त्वाचं हे, की नमुना तयार करणं हा खर्च त्याला पहिल्यांदा वेगळा दिसला. एका नमुन्यावरून दहा कलश काढले तर तो खर्च दहांत वाटला जाणार, हजार काढले तर हजारांत. म्हणून नवनवे आकार काढत बसण्यापेक्षा आहेत ते जास्त दिवस चालवा. त्याच पत्रात तो पुढे म्हणतो की बड्या लोकांच्या महालांत हे कलश पुरेसे दिवस मिरवले, आता किंमत उतरवून मधल्या वर्गाकडे वळावं. म्हणजे नमुन्यांची संख्या, उत्पादनाची लांबी आणि गिऱ्हाईक कोण, हे तिन्ही निर्णय एकाच हिशेबातून निघाले. डिझाईनचा निर्णय वाटतो तो इथे खातेवहीत झालेला आहे.

लगेच दुसऱ्या वर्षी याच्या बरोबर उलट ऑर्डर आली. रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनला ९५२ नगांचा जेवणाचा संच हवा होता, आणि त्यावर ब्रिटनमधल्या स्थळांची १,२२२ वेगवेगळी दृश्यं. एकही परत नको! ज्या महालासाठी तो होता तिथल्या जागेला बेडकांच्या दलदलीचं नाव होतं, म्हणून प्रत्येक नगावर हिरवा बेडूक. चेल्सीच्या रंगशाळेत हे काम झालं. तिथेही कामाची फोड तशीच: किनारीवाले वेगळे, देखावे रंगवणारे वेगळे. किनार आणि बेडूक ठरलेले, मधलं दृश्य तेवढं बदलणार. १७७४ च्या जूनमध्ये लंडनच्या दालनात हा संच पाहायला उच्चभ्रूंची गर्दी लोटली.

इथवर वाचून वाटेल की सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं. मॅकेंड्रिकचाच १९६१ चा कारखान्यातल्या शिस्तीवरचा लेख वाचला की तसं वाटतं खरं. घंटा, वेळेवर येण्याची नोंद, लेखी नियमावली, आणि जून १७९० मध्ये २७८ कामगारांपैकी फक्त पाच जणांना ठरलेलं काम नव्हतं हा आकडा. पण नियमावली ही मालकाने लिहिलेली. काय व्हावं ते ती सांगते, काय झालं ते नाही. हा फरक पहिल्या वर्षीच अंगात मुरवून घ्या. त्याच वेजवुडच्या पत्रांत वैतागही भरपूर आहे. एकदा बर्स्लेमची जत्रा होती आणि माणसं चार दिवस कामाला फिरकली नाहीत. तो लिहितो की रागावून झालं, समजावून झालं, नाताळची लांब सुट्टी कबूल केली, तरी व्यर्थ. जग बुडालं तरी ही मंडळी जत्रा चुकवायची नाहीत. यंत्रांच्या वाक्याशेजारी हे वाक्य ठेवून बघा. माझ्या प्रकरणाचं शीर्षकच त्यामुळे बदललं.

आता साधनांबद्दल, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. वर मी जे काही सांगितलं त्यातलं बरंचसं वेजवुडने बेंटलीला लिहिलेल्या पत्रांमुळे कळतं. बेंटलीची उत्तरं बहुतांश हरवली. म्हणजे एक माणूस फोनवर बोलतोय आणि आपण शेजारी बसून एकच बाजू ऐकतोय. लंडनचं दालन, गिऱ्हाइकांची नस आणि कुठला नमुना चालेल कुठला नाही याचा अंदाज बेंटलीकडे होता. म्हणजे या व्यवस्थेची निम्मी बाजू त्याच्या हातात होती, आणि नेमकी तीच मुकी आहे. १७८० मध्ये तो वारला. त्यानंतर इतकी सविस्तर पत्रं लिहायला वेजवुडला तसा माणूसच उरला नाही, म्हणून १७८० नंतरचा कारखाना आपल्याला धूसर दिसतो. तिथे काही घडलं नाही असं नाही. सांगायला कुणी समोर नव्हतं.

वाचलेली पत्रंही नशिबानेच वाचली. १८४८ मध्ये लिव्हरपूलचा संग्राहक जोसेफ मेयर याला बर्मिंगहॅममधल्या एका रद्दीवाल्याकडे वेजवुडच्या कागदांचे ढीग सापडले. दुकानदारांना लोणी आणि मांस बांधायला म्हणून ते विकले जात होते. मेयरने ते घेतले, आणि त्यांच्या आधारे एलायझा मेटयार्ड हिने १८६५-६६ मध्ये दोन खंडांचं चरित्र लिहिलं. कुठली पानं लोण्याभोवती गेली, कोण जाणे. दुसरं संकट अगदी अलीकडचं. २००९ मध्ये वॉटरफर्ड वेजवुड ही कंपनी कोसळली आणि कामगारांच्या निवृत्तिवेतन निधीतली १३ कोटी ४० लाख पौंडांची तूट संग्रहालयाच्या माथी आली. संग्रह विकून ती भरायची वेळ आली होती. २०१४ मध्ये लोकांकडून आणि संस्थांकडून १ कोटी ५७ लाख ५० हजार पौंड जमवून तो वाचवला गेला. आता तो व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या मालकीचा आहे आणि बार्लास्टनला ठेवलेला आहे. निवृत्तिवेतनाचे पैसेही कामगारांचेच होते, ही गोष्ट त्या वेळच्या जल्लोषात थोडी मागे पडली.

हॅकवुडने मात्र काहीच लिहून ठेवलेलं माझ्या हाती लागलं नाही. १७८७ मध्ये गुलामगिरीविरोधी चळवळीसाठी वेजवुडने जे पदक काढलं, साखळदंडात गुडघे टेकून हात जोडलेला माणूस, ते त्याच्या हातचं. लोकांनी ते टाचणीवर, डबीवर, केसांत मिरवलं. त्याच्यावर ठसा वेजवुडचा. हॅकवुडचा शोध घ्यायचा तर पत्रं पुरत नाहीत, मुखवटे उलटे करून खांद्याखाली बघावं लागतं. पुढच्या प्रकरणात मी तेच करते आहे, सध्या तरी संग्रहालयाने ऑनलाइन टाकलेल्या फोटोंवरून. फोटो नेहमी समोरून काढलेले असतात. खांद्याखालचा भाग हवा असेल तर प्रत्येक नगासाठी वेगळी विनंती पाठवावी लागते.